पाण्याला पाय न लावता

शर्यतीतली उडी मी जनावरांच्या हौदावरून शिकले. आता हे सांगितलं की ऐकणाऱ्यांना गंमत वाटते. मला त्यात गंमत वाटत नाही. त्या वर्षी आमच्या भागात दुसरं पाणीच नव्हतं, मग उडी मारायला वेगळं पाणी कुठून आणणार?

दोन हजार बारा-तेराचा तो दुष्काळ. पोळा झाला तरी पाऊस नाही, तेव्हा युसूफ वडगावच्या पुढे रस्त्याला लागून सोसायटीनं चारा छावणी उघडली. कारखान्याला गाळायला ऊस नव्हता. शेतात जो काही उभा होता तो तोडून छावणीत येऊ लागला आणि साखर व्हायचा ऊस बैलांच्या पोटात गेला. सहकाराला नावं ठेवणारे आमच्याकडे खूप आहेत, मीही प्रसंगी ठेवते. पण आमची बैलजोडी आणि गाय त्या साली जगली ती सोसायटीमुळे, हे मी कुठेही उभी राहून सांगेन.

छावणीत माणसंही जनावरांजवळच राहायची. माय गावात टँकरच्या रांगेला, लहान भाऊ तिच्यापाशी, आणि वडील छावणीत. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं. सकाळी बसनं तालुक्याला जायचं, दुपारी परत येऊन वडिलांना घरी जाऊ द्यायचं आणि संध्याकाळपर्यंत जनावरांपाशी थांबायचं, असं आमचं ठरलं होतं. गावाहून निघणारी एसटी बंद झाली, मिळेल त्या वाहनानं जावं लागायचं आणि ते जमेनासं झालं. वडिलांनी एक दिवस बैलाच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता सांगितलं की या सत्रानंतर कॉलेज राहू दे, पाऊस झाला की परत जा. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना माझं शिक्षण नको होतं असंही नाही. पण पावसानंतर परत कॉलेजात गेलेली मुलगी मी आमच्या गावात पाहिली नव्हती.

कॉलेजात राहायचा एकच मार्ग होता. विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या मुलींना वसतिगृहात जागा आणि जेवण मिळायचं. मी पळायला बरी होते. आमच्या क्रीडाशिक्षकांनी, ज्यांना सगळं कॉलेज नुसतं सर म्हणायचं, मला सरळ सांगितलं की साध्या शर्यतीत तुझ्यापेक्षा जोरात पळणाऱ्या पुष्कळ आहेत. स्टीपलचेसला उतर. अडथळे आणि पाण्याचा खड्डा यांना भिऊन मुली त्या शर्यतीत येतच नाहीत. कमी मुली, म्हणून आशा जास्त. सरांचा हा खरेपणा मला तेव्हा लागला होता. आज त्याचे उपकार वाटतात.

ही शर्यत मी कधी पाहिली नव्हती. सरांनी मातीत काडीनं काढून दाखवली. दर फेरीला काही लाकडी अडथळे. एका अडथळ्याला लागून पाण्यानं भरलेला खड्डा, अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. अडथळ्यावर पाय द्यायचा, झेप घ्यायची, दुसरा पाय उथळ पाण्यात टाकायचा आणि तसंच पुढे पळायचं. काडीनं काढलेलं ते चित्र बघताना मला छावणीतला हौद आठवला.

हौद म्हणजे जमिनीत खणलेला लांबट चर, आत काळं प्लास्टिक अंथरलेलं. जनावरानं आत पाय घालू नये म्हणून एका अंगाला बाभळीचा जाड ओंडका आडवा बसवलेला. वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, भाऱ्यांचं वाटप सुरू झालं की लोक हौदाला वळसा घालून पळायचे. वळसा घातला की रांगेत मागे पडायचं. म्हणून मी आधीपासूनच ओंडक्यावर पाय देऊन हौद पार करत होते. आता त्याला कारण मिळालं. दावणींच्या मधल्या बांबूंवरून उड्या मारत यायचं आणि शेवटी हौद.

सोसायटीचे चेअरमन फेरीवर आले तेव्हा त्यांनी मला हवेत पाहिलं. मोठे जमीनदार, गावच्या राजकारणातलं वजनदार माणूस. ते हौदाशी थांबले आणि त्यांच्यामागचे सगळे थांबले.

"कावून उडती गं पाण्यावरून? जनावराच्या तोंडचं पाणी हाय ते."

"काका, पाय पडत न्हाई पाण्यात."

"आन् पडला तर?"

"पडला तर मी जाते छावणीतून."

"तू कशाला? तुजी जनावरं जातील की."

वडील दावणीपाशी उभे होते. त्यांचा हात कासऱ्यावर तसाच राहिला. मी मागे सरकले असते तर कोणी काही म्हणालं नसतं, उलट बरं झालं म्हणाले असते. पण चेअरमनच्या तोंडावर जे हसू होतं ते मला सहन झालं नाही. मी मागे गेले, पळत आले, ओंडक्यावर पाय दिला आणि पलीकडच्या कोरड्या मातीत उतरले. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. ती परवानगी होती की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी परवानगी समजले.

त्यानंतर माझी उडी हा छावणीतला रोजचा तमाशा झाला. बाजेवर बसलेले म्हातारे तंबाखू मळत वाट बघायचे. एक म्हणायचा, आज पडती बघ बे. दुसरा म्हणायचा, पडली तर तुजी म्हैस तिच्या जागेवर बांध. एकदा माझा अंदाज खरंच चुकला. मी हौदाच्या काठावर गुडघ्यावर आपटले, कातडी सोलली. माझं काय झालं हे विचारायच्या आधी एका म्हाताऱ्यानं वाकून पाणी निरखलं आणि जाहीर केलं, "हाललं बी न्हाई." सगळी छावणी हसली. गुडघा धरून मीही हसले. आमच्या जनावरांची जागा टिकली होती.

कॉलेजात मात्र सर वैतागायचे. मैदानाच्या कोपऱ्यात आम्ही काळ्या मातीत एक खड्डा खणला होता, त्यात अर्थात पाणी नव्हतं. मी तो सबंध पार करायचे. सर म्हणायचे, पाय आत टाक, जगभर असंच करतात, सगळा खड्डा पार करायला गेलीस तर दर फेरीला दम जाईल आणि शेवटी हरशील. त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे मला समजत होतं. पण माझा पाय आत पडायला तयार नव्हता. खड्डा कोरडा असला तरी माझ्या पायाला तिथे पाणी दिसायचं, आणि पाण्याच्या पलीकडे आमचा बैल.

पळून झालं की सर आम्हाला लिंबाखाली बसवून या खेळाच्या गोष्टी सांगायचे. ही शर्यत आधी घोड्यांची होती. तिकडे आयर्लंड-इंग्लंडात एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मधे येईल ते कुंपण आणि येईल तो ओढा ओलांडत घोडे पळवायचे. मग एका विद्यापीठातली पोरं घोड्यावरून उतरून स्वतःच पळाली. रानातली शर्यत मैदानात आली तेव्हा कुंपणाचे अडथळे झाले आणि ओढ्याचा खड्डा झाला. सुरुवातीच्या ऑलिंपिकांत तिचं अंतरसुद्धा ठरलेलं नव्हतं. एका ऑलिंपिकात तर फेऱ्या मोजणाऱ्याची चूक झाली आणि सगळे एक फेरी जास्त पळाले.

आणि बायका? पहिल्या आधुनिक ऑलिंपिकात एकही बाई नव्हती. मैदानी खेळांत घेत नाहीत म्हटल्यावर युरोपातल्या बायकांनी स्वतःची वेगळी जागतिक स्पर्धा भरवली. तिला गर्दी झाली, तेव्हा कुठे ऑलिंपिकचं दार किलकिलं झालं. आठशे मीटरची शर्यत ठेवली. ती संपल्यावर एकदोघी दमून गवतावर आडव्या झाल्या आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं की बायकांना हे झेपत नाही. पुढची तीसेक वर्षं ती शर्यत बंद. दमलेला पुरुष आडवा झाला की त्याला जिद्दी म्हणतात, एवढंच सर म्हणाले आणि पुढे गेले. नंतर बायकांची एकेक शर्यत परत आली, नवी आली. मॅरेथॉन, दहा हजार, पाच हजार, बांबूउडी. माझी शर्यत अगदी मागाहून. ऑलिंपिकात ती बायकांसाठी पहिल्यांदा झाली तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या घरी टीव्ही नव्हता.

मी हे सगळं ऐकत होते आणि मला राग येत होता. दूरदेशीच्या, कधीच्या मेलेल्या माणसांवर इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. पण तो उपयोगी पडला.

विद्यापीठाची स्पर्धा त्या हिवाळ्यात बीडला होती. मुरमाचं मैदान, चुन्याच्या रेषा, हातातली घड्याळं. जगात धावपट्ट्या रबराच्या झाल्या होत्या आणि विजेची घड्याळं सेकंदाचे बारीक तुकडे करत होती, पण आमच्यापर्यंत यातलं काही पोचलं नव्हतं. पाण्याचा खड्डा मात्र सिमेंटचा, खास बांधलेला. पहिल्या दिवशी मुलांची स्टीपलचेस झाली. खड्डा टँकरनं भरला. शर्यत संपली आणि खड्ड्याला असलेल्या भेगांतून ते सगळं पाणी जमिनीत मुरलं. मैदानाच्या भिंतीपलीकडे एक वस्ती होती. तिथल्या बायांनी भिंतीवरून हे पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमची शर्यत. टँकर परत आला तेव्हा वस्तीतल्या बाया घागरी घेऊन फाटकातून आत शिरल्या आणि खड्ड्याभोवती उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक म्हातारी सरळ खड्ड्यात उतरली आणि कडेला टेकून बसली. आयोजक आले, समजावणी झाली, आवाज चढले. म्हातारी म्हणाली की आधी आमच्या घागरी, मग तुमचा खेळ. टँकरवाला तर तिच्याच बाजूचा होता, त्यानं पाइप उचललाच नाही. थोड्या वेळानं आयोजकांनी ठरवलं की पाणी बायांना द्या आणि मुलींची स्टीपलचेस रद्द करा. तशाही मुली मोजक्याच आहेत, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. मुलांची काल झालीच होती.

मला आधी त्या बायांचा राग आला. मायही या वेळी अशाच रांगेत उभी असेल हे मला कळत होतं आणि तरी राग आला. माझं वसतिगृह त्या खड्ड्यात होतं आणि त्यावर ती म्हातारी बसली होती. मी तिच्यापाशी गेले. म्हटलं, आजी, तुमच्यामुळे माझं कॉलेज सुटणार. तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"तुला पाण्यात पडायचंय का गं माय?"

"न्हाई. मी वरून जाते."

"पडायचं न्हाई, तर पाणी कशाला लागतंय तुला?"

 मी तशीच वळले आणि मुख्य पंचांच्या टेबलाकडे चालू लागले. सर माझ्यामागे आले. मी पंचांना सांगितलं की शर्यत कोरड्या खड्ड्यावर घ्या. पंच वयस्क होते, वाईट माणूस नव्हते. कोरड्या सिमेंटवर पडून एखादीचा पाय मोडला तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं. लांब उडीच्या हौदातली वाळू आणून आत टाका, मी म्हटलं. तेव्हा त्यांनी शेवटचं सांगितलं की नियमात पाणी आहे, वाळू नाही.

"सर, बायकांनी ही शर्यत पळायची नाही, हाही नियमच होता," मी पंचांना म्हटलं. "तो बदलला. आमच्याकडे पाणी नाही, यात आमचा काय गुन्हा? आम्ही पळायला आलोत."

इतकं मी कुठल्याच मोठ्या माणसापुढे कधी बोलले नव्हते.  मागून सरांनी शांतपणे ओढा, कुंपण, न ठरलेलं अंतर आणि ती एक जास्तीची फेरी, सगळं पंचांना सांगितलं. पंचांना ते ठाऊकच असणार. पण ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले की वेळ कुठल्याही विक्रमात धरली जाणार नाही, फक्त निवडीसाठी क्रमांक धरू, आणि उतरणारी प्रत्येक मुलगी माझ्यासमोर येऊन हो म्हणाली पाहिजे. धर्मापुरीकडची एक उंच मुलगी सगळ्यांत आधी पुढे आली. ती म्हणाली, "हो म्हणायला आन् काय लागतंय? परत घरी जाऊन भांडीच घासायचीत." मग बाकीच्याही आल्या.

वाळू वाहायला ठेकेदाराची माणसं नव्हती. आम्ही मुलींनी घमेली घेतली. भरलेल्या घागरी घरी ठेवून त्या बाया परत आल्या आणि रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊन रांगेला लागल्या. म्हातारी काठावर उभी राहून, इकडं कमी पडलीय, तिकडं टाका, असं सांगत होती. काल पाण्यानं भरलेला खड्डा अशा रीतीनं वाळूनं भरला.

शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या फेऱ्यांत मी मागेच होते. ज्या मुली शिकवल्याप्रमाणे पाय आत टाकत होत्या त्यांचे पाय वाळूत रुतत होते. पाण्यातून पाय सुटतो, वाळूतून ओढून काढावा लागतो. मी वरून जात होते. सर म्हणाले होते तसाच दम जात होता, छाती फुटायला आली होती, पण दर फेरीला त्या खड्ड्यापाशी मी एखादीला गाठत होते. काठावर बाया उभ्या होत्या. त्यांना शर्यतीतलं काही कळत नव्हतं. माझा पाय खड्ड्यात पडतो की नाही, एवढंच त्या बघत होत्या. मला एकदम छावणीतल्या बाजेवरचे म्हातारे आठवले. शेवटच्या फेरीत पाय जड झाले होते आणि अडथळ्यावर चढताना वाटलं, आता पडणार. पडले नाही. धर्मापुरीची मुलगी पहिली आली, मी दुसरी. निवड दोघींचीच होणार होती.

गावी जाऊन वडिलांना सांगितलं की निवड झाली, वसतिगृहात जागा मिळाली. त्यांनी विचारलं, तिथं खायला पोटभर देतात का. मी हो म्हटलं. छावणीतल्या माझ्या पाळीचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ते मी बघतो. तू माघारी येऊ नको." एवढं कठोर वाक्य त्यांनी मला कधी ऐकवलं नव्हतं, आणि त्यासाठी मी जन्मभर त्यांची ऋणी आहे. छावणी उठेपर्यंत त्यांनी एकट्यानं जनावरं सांभाळली. चेअरमननी म्हणे सगळ्यांना सांगितलं की पोरगी आमच्या छावणीत तयार झाली. ते खोटं नव्हतं.

पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा दुसऱ्या राज्यात झाली. तिथला खड्डा काठोकाठ भरला होता, पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसत होता. सरांनी शेवटचं समजावलं, आता तरी पाय टाक, हे पाणी कोणी पिणार नाही. मी बराच वेळ त्या पाण्याकडे बघत उभी राहिले. कोणी पिणार नाही म्हणून त्यात पाय घालायचा, हे मला पटेना. सगळ्या फेऱ्या मी वरून गेले. क्रमांक बराच खालचा आला. शेवटी रेषेजवळच्या एका पंचानं माझ्या कोरड्या बुटांकडे पाहिलं आणि शेजारच्याला काहीतरी विचारलं.  मी पदवी त्याच वसतिगृहात राहून पूर्ण केली.

आता मी जिल्ह्यातल्याच एका शाळेत मुलींना मैदानी खेळ शिकवते. स्टीपलचेस म्हणजे काय हे आता आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. मुलींना मी बरोबर तेच शिकवते जे सरांनी मला शिकवलं. अडथळ्यावर पाय, झेप, दुसरा पाय उथळ पाण्यात, थांबायचं नाही. तोच जलद मार्ग आहे आणि त्यांनी जिंकावं असं मला वाटतं. मधे एका मुलीनं हट्ट धरला की मॅडम, एकदा करून दाखवा. मी दाखवलं. ती खड्ड्यापाशी वाकून उभी होती.

"मॅडम, तुमचा पाय तर पाण्यात पडलाच न्हाई."

"न्हाई पडत," मी म्हटलं. "चल, तू पळ."